बांधावरची सायकल, फेरीबोट आणि गाड्या नसलेल्या वाटा : अनुभव सांगा

भाची
काल आम्ही गोव्यात मामाच्या घरी माळ्यावरची अडगळ काढत होतो. एका डब्यात त्याच्या सायकलचा डायनामो सापडला. गंजलाय, पण बोटानं फिरवला तर अजून घरघरतो. रात्रभर झोप नाही आली मला, म्हणून इथे लिहितेय.

मी दहा वर्षांची असेन. दांडीला टॉवेल गुंडाळलेला, त्यावर मी. सोमवारी नार्व्याच्या सप्तकोटेश्वराला नमस्कार करायचा आणि तसंच खाली धक्क्यावर जाऊन फेरीबोटीनं दिवाडी बेटावर. पलीकडे उतरलं की खाजनातून, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतांतून, रस्ता. दोन्हीकडे शेत, बगळे, वाऱ्याचा आवाज, बाकी काही नाही. मामा दर वेळी सांगायचा, "आमचो देव आदीं हांगा आशिल्लो गो बाय." मूळ देऊळ दिवाडीवर होतं, पोर्तुगिजांनी ते मोडलं, देव नदीपलीकडे आला आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी जीर्णोद्धार करवला, हे मी पुस्तकात वाचायच्या आधी सायकलच्या दांडीवर ऐकलंय. जुन्या जागी कोटीतीर्थाची तळी आहे. तिथे आम्ही भाजी-पाव खायचो.

एकदा परतताना काळोख झाला. बांधाजवळ मामा अचानक थांबला. डायनामोचा दिवा चाक थांबलं की विझतो. समोरचा माझा हातसुद्धा दिसेना. मी घाबरले. मामा म्हणाला, "आयक." मानशीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, पाणी बाहेर पडत होतं. "सुकती लागली," म्हणजे ओहोटी, एवढंच म्हणाला आणि पुन्हा पेडल मारलं.

मामाला जाऊन दोन वर्षं झाली. तुमच्याकडे अशा वाटा असतील तर लिहा ना.

पेडण्याचा
डायनामो टायरला टेकला की सायकल जड व्हायची, आठवतं? चढावर आम्ही तो बंद करून काळोखातच जायचो. केरीहून फेरीत सायकल घालून तेरेखोल. किल्ल्यापर्यंतचा चढ उभ्यानं मारायचा आणि वरून सगळा समुद्र. बाकी रात्री लिहितो, दुकानात गिऱ्हाईक आहे.

चोडणकर काका
भाची, मामांबद्दल वाचून गलबलून आलं.

माझी नोकरी पणजीत. चोडण बेटावरून रायबंदरची फेरी आणि तिथून सायकल. रायबंदर ते पाटो तीन किलोमीटरचा सरळ बांधरस्ता, पोंते द लिन्यारिस, १६३३-३४ सालचा. तेव्हा बाजूला मिठागरं दिसायची, उन्हात मिठाचे ढीग चमकायचे. आता सकाळी सातनंतर तिथे सायकल घालायची माझी हिंमत नाही. पण फेरीतून चोडणला उतरलो की वेगळंच जग. धक्क्याला लागूनच सलीम अली पक्षी अभयारण्य, १९८८ पासून. पावणेदोन चौरस किलोमीटर, सगळं खारफुटीचं. पाणी उतरलं की चिखलातून वर आलेली मुळं दिसतात आणि त्यांच्यामध्ये उड्या मारणारे चिखलातले मासे. आत सायकल नेता येत नाही, बाहेर लावा आणि पायी जा.

पूर्ण फेरा हवा असेल तर चोडण पार करून दुसऱ्या टोकाला पोंबुर्फाची फेरी घ्या, तिथली झर बघा, मग बेतीला येऊन तिसऱ्या फेरीनं पणजी. एका दिवसात मांडवी दोनदा आणि म्हापसा नदी एकदा ओलांडली जाते. तीसेक वर्षांत मी हा फेरा कितीदा केला असेल, कंटाळा म्हणून नाही.

सानिका_म्हापसा
फेरीत सायकलला तिकीट किती पडतं?

चोडणकर काका
माझ्याकडून कधीच घेतलं नाही. फक्त गाड्या चढल्यावर चढायचं आणि पुढच्या फळीपासून लांब उभं राहायचं.

आगरातला
सायकलवाल्यांना एक हात जोडून विनंती.

बांध हा रस्ता नव्हे. चिखल, पेंढा आणि बाहेरून जांभ्याचे दगड, एवढ्यावर तो नदी अडवून उभा आहे. मानशीची दारं अशी बसवलेली असतात की भरतीचं पाणी बाहेरून ढकलतं तेव्हा ती आपोआप मिटतात, सुकतीला आतलं पाणी ढकलतं तेव्हा उघडतात. वीज नको, यंत्र नको. कोमुनिदाद म्हणजे पोर्तुगीज काळातली गावसंस्था, तिच्याही आधी, जुन्या गावकरीच्या काळापासून हे चालत आलंय. पावसात ओल्या बांधावर सायकल घातली की टायरची चाकोरी पडते आणि पाणी बरोबर तीच वाट धरतं. पावसाळ्यात उतरा आणि हातात धरून चाला.

आमचा बांध मी पंधरा वर्षांचा असताना फुटला. मासळी जास्त मिळावी म्हणून कोणीतरी मानस भरतीला उघडी ठेवली होती. रात्रीत शेत खारं झालं. कोरगूट हे खाऱ्या जमिनीतलंच भात, पण ते तरी किती मीठ सोसणार? आई बांधावर बसून रडत होती. त्या वर्षापासून बांधावर चाकोरी दिसली की माझ्या पोटात गोळा येतो.

भाची
हे मला माहीत नव्हतं. मामा पावसात बांधावर नेहमी उतरून चालायचा. मला वाटायचं पाय घसरेल म्हणून.

माशेलची सून
मगरींबद्दल कोणी लिहिलं नाही अजून! कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, काठाला सायकल लावून पाण्यात पाय सोडून बसू नका, पोरांना तर मुळीच बसू देऊ नका. माझं माहेर दुर्भाटकडचं. पौष अमावास्येला खाजनात चिखलाची मगर करतात, शिंपल्या लावून, आणि तिची पूजा करतात. मानगे थापणी. लहानपणी मला वाटायचं सगळ्या जगात करतात. मगरीनं माणसाला आणि बांधाला सांभाळावं म्हणून. कुकरची शिट्टी झाली, आले.

पेडण्याचा
ताई, शिंपल्यांची मगर बघायची आहे! पुढच्या पौषात सांगा.

जांभा
मी भूगोल शिकवतो, त्यामुळे थोडं दगडाबद्दल. आपल्याकडे चुनखडीच्या मुलखासारख्या पाण्यानं पोखरलेल्या लांबच लांब गुहा नाहीत. हरवळ्याच्या, रिवणच्या गुहा माणसांनी जांभ्यात कोरल्या. पण पाण्याचा खेळ आपल्याकडेही आहे. सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या उघड्या सपाटीवर, पडलेला पाऊस सच्छिद्र जांभ्यातून खाली झिरपतो, शेडी या चिकण मातीच्या थराला लागला की अडतो आणि डोंगराच्या पायथ्याशी झर होऊन बाहेर येतो. सायकलनं फिरलं की हे पायाला कळतं. वर सडा रखरखीत, उतार संपता संपता अंगाला गारवा लागतो आणि तिथे हमखास कुळागर, म्हणजे माडा-पोफळींची बाग, असतं.

माझी आवडती वाट रिवणहून उसगाळीमळ. कुशावतीच्या काठी जांभ्याच्या सपाट कातळावर प्राचीन चित्रं कोरलेली आहेत, १९९३ मध्ये ती अभ्यासकांपुढे आली. बैल, माणसं आणि एक गोल गोल फिरत जाणारा चक्रव्यूह. विद्यार्थ्यांना सायकलनं घेऊन गेलो होतो. एका मुलीनं बोटानं तो चक्रव्यूह हवेतच बाहेरून आतपर्यंत गिरवला, कोणी बोललं नाही. तिथून पुढे पायांत जोर उरला असेल तर नेत्रावळीची बुडबुड्यांची तळी. स्वच्छ पाणी आणि तळातून सारखे वर येणारे बुडबुडे.

सानिका_म्हापसा
आमच्याकडे सायकल म्हणजे पाव विकणारा पोदेरच. सकाळी पोंक पोंक ऐकू आलं की आजी पैसे घेऊन दारात. पावांतल्या पोळ्यो गरम असायला हव्यात, उंडे कडक. आता आमच्या वाड्यावरचा पोदेर स्कूटरवर येतो.

माशेलची सून
आमच्याकडे अजून सायकलच आहे हो. टोपलीवरचं निळं प्लास्टिक दिसलं की माझा मुलगा धावतो. आणि भेंडी हवी असेल तर सांतेस्तेवला जा सायकलनं, तशी लांब भेंडी दुसरीकडे नाही.

सेवानिवृत्त परिचारिका
मी वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकले. चोडणला. आयुष्यभर रात्रपाळ्या केल्या, घरी मुलांनी सायकली चालवल्या, मला कोणी विचारलं नाही आणि मीही मागितली नाही. निवृत्तीनंतर धाकट्या बहिणीनं मागून कॅरियर धरलं आणि मला माहीत नसताना सोडलं. मी खाजनातल्या रस्त्यानं जातच राहिले. वळून बघितलं तर ती एवढीशी दिसत होती. ओरडून सांगावंसं वाटलं, पण आवाज फुटेना. आता रोज सकाळी फेरी येण्याआधी एक चक्कर असते.

आगरातला
ताई, वाचून फार बरं वाटलं. खरंच.

दिवाडीची
सगळं छान आहे, पण मी दिवाडीला राहते. शांतता आहे ती फेरीमुळे आहे, मान्य. माझ्या वहिनीला कळा सुरू झाल्या तेव्हा मध्यरात्र होती, आणि धक्क्यावर वाट बघताना ती शांतता नको झाली होती. पूल हवा की नको यावर आमच्या घरातच दोन मतं आहेत. नवरा म्हणतो पूल झाला की शेतं विकली जातील. मला दोन्ही पटतं. बोंदेराच्या उत्सवाला ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी येता ना सगळे, तसे एरवीही या, आमच्याशी बोला, नुसते फोटो काढून जाऊ नका.

भाची
दिवाडीची, तुमचं अगदी खरं. वहिनी आणि बाळ ठीक ना?

दिवाडीची
हो हो. पोरगा सहावीत आहे. सायकलसाठी हट्ट धरून बसलाय.

भाची
मामाची सायकल आहे. ट्यूब बदलावी लागेल, चेनला तेल, ब्रेकचे रबर. डायनामो पण बसवून देते. येत्या शनिवारी नार्व्याच्या धक्क्यावरून आणते. संध्याकाळी सुकती कधी लागते तेवढं कोणी बघून सांगाल का?

आगरातला
शुक्रवारी रात्री कळवतो. खाजनातल्या रस्त्यानंच या, बांधावर चढू नका.