ड्राय क्लचची डीसीटी : क्लच जळतो तो कोणामुळे?

धागाकर्ता :
माझं मत आधीच सांगतो. ड्राय क्लचच्या (क्लच तेलात न बुडवलेल्या) ड्युअल क्लच, म्हणजे डीसीटी, गाड्यांचा क्लच जळतो अशी जी ओरड ऐकू येते, तिच्यातली बरीचशी चालवणाऱ्यामुळे आहे. पेडल दोनच असली तरी ही गाडी आतून मॅन्युअलच. सात गिअरच्या डीएसजीत (फोक्सवॅगनची डीसीटी) एका क्लचवर १, ३, ५, ७ आणि दुसऱ्यावर २, ४, ६ व रिव्हर्स. तुम्ही पहिल्यात असताना दुसरा गिअर आधीच पडलेला असतो. एक क्लच सुटतो, त्याच क्षणी दुसरा धरतो. क्लच कोरडाच, मॅन्युअलसारखा. फक्त तो दाबणारा पाय आपला नसतो.

आणि आपण काय करतो? चढावर थांबलो की ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरतो. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या नेहमीच्या ऑटोमॅटिकमध्ये हे खपून जातं, तिथे मध्ये तेल असतं. इथे क्लचचं अस्तर घासतं आणि ती उष्णता ओढून न्यायला लोखंड आणि हवा एवढंच आहे. ट्रॅफिकमध्येही तेच. ब्रेक नीट दाबला तर क्लच सुटून निवांत राहतो. पाय अर्धवट ठेवून वीतवीत सरकलात तर तो सारखा घासतो. मी पुढे एका गाडीइतकी जागा होऊ देतो आणि मग ब्रेक पूर्ण सोडून एकदाच सरकतो. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत. ९० हजार किलोमीटर झाले, क्लच पहिलाच आहे.

प्रतिसाद १ :
अजिबात पटलं नाही. ऑटोमॅटिकचे जास्तीचे पैसे मोजल्यावर क्लच जपायचं काम पुन्हा माझ्याच गळ्यात का?

फोर्डच्या पॉवरशिफ्टचं, म्हणजे त्यांच्या ड्राय क्लच डीसीटीचं, प्रकरण आठवा. ऑस्ट्रेलियात लोक गाडी हादरते म्हणून तक्रार घेऊन गेले, तर तुमची चालवण्याची पद्धतच तशी आहे असं त्यांना ऐकवण्यात आलं. गिअरबॉक्समध्ये दोष आहे हे कंपनीला ठाऊक होतं. २०१८ मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाने १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. तुमचा मुद्दा वाचताना मला तेच उत्तर ऐकू आलं, म्हणून टोचलं.

दुसरं उदाहरण फोक्सवॅगनचं. २०१३ मध्ये सात गिअरच्या डीएसजीच्या सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावल्या, कारण उष्ण आणि दमट हवेत सिंथेटिक तेलामुळे गिअरबॉक्सच्या वीजपुरवठ्यात बिघाड होत होता. ते काढून मिनरल तेल भरलं. यात कोणाचा पाय चुकला होता?

प्रतिसाद २ :
गिअरबॉक्स उघडायचंच काम करतो, म्हणून लिहितो. तुम्ही दोघं वेगवेगळ्या रोगांवर भांडताय.

गाडी आली की मी आधी चढावर रिव्हर्स घेऊन बघतो. रिव्हर्सला थरथरते, पहिल्यातून दुसऱ्यात जातानाही थरथरते, पण पहिल्यात गुळगुळीत सुटते, म्हणजे सम गिअरचा क्लच. गिअर मधूनच सुटतो, गाडी जागची हलत नाही, डॅशबोर्डवर गिअरची अक्षरं लुकलुकतात, तर मेकॅट्रॉनिककडे (क्लच आणि गिअर हलवणारा कॉम्प्युटर-हायड्रॉलिकचा भाग) बघायचं; त्याचा तुमच्या सवयींशी बहुतेक वेळा संबंध नसतो. क्लचवर तेलाचा ओशटपणा दिसला तर सील गेलं. पॉवरशिफ्टला हेच दुखणं होतं. आणि प्रेशर प्लेटवर (क्लच दाबून धरणारी चकती) निळे डाग, क्लचच्या कवचात जळका वास, हे मात्र पायाचंच काम. हे सगळं क्लच हातात घेतल्याशिवाय कळत नाही.

एक गैरसमज रोज भेटतो. ड्राय म्हटल्यावर लोकांना वाटतं आत तेलच नाही. कोरडा आहे तो क्लच. डीक्यू २०० मध्ये, म्हणजे सात गिअरच्या ड्राय डीएसजीत, गिअरसाठी पावणेदोन लिटरच्या आसपास तेल असतं आणि मेकॅट्रॉनिकचं साधारण लिटरभर वेगळं. ते आयुष्यभर चालतं म्हणतात. मी तरी गिअरचं तेल बदलून घ्यायला सांगतो.

नवा क्लच टाकताना मोजमाप घेऊन नेमक्या जाडीच्या शिम (पातळ चकत्या) बसवाव्या लागतात आणि मग ॲडॉप्टेशन करावं लागतं, म्हणजे क्लच नेमका कुठे धरतो हे कॉम्प्युटरला शिकवायचं. हे टाळून गाडी दिली तर नवा क्लचही थरथरतो आणि मालक गिअरबॉक्सला शिव्या देतो.

प्रतिसाद १ :
हे विकतानाच सांगायला हवं, माझं म्हणणं तेवढंच आहे. एक विचारतो. चढावर ऑटो होल्ड (पाय काढला तरी गाडी जागीच धरणारी सोय) लावला तर गाडी क्लचवर तोलली जाते का?

प्रतिसाद २ :
नाही, ब्रेकवरच. बिनधास्त लावा. आणि क्लच तापल्याचा इशारा आला तर गाडी बाजूला घ्या, पार्कमध्ये टाका, इंजिन चालू ठेवून निवू द्या. तसंच दामटत नेलेल्या गाड्यांचे क्लच मी बदललेत.

धागाकर्ता :
पॉवरशिफ्टचा मुद्दा मान्य. सील गळत असताना चालवणाऱ्याला बोल लावणं अन्याय आहे, सरसकट लिहायला नको होतं. चढावरच्या सवयीबद्दल मात्र मागे हटणार नाही.

रिव्हर्सची खूण वाचून आत्ता खाली जाऊन पाहिलं. चढावर मागे घेताना माझी गाडी किंचित थरथरते. इतके दिवस मी ते थंड इंजिनावर ढकलत होतो. शनिवारी दाखवून आणतो आणि काय निघालं ते इथेच लिहितो.