विषय: बर्फ पडला का?

प्रेषक: एडिसनचा बर्फवेडा
रविवार, ७ जानेवारी २०२४

मंडळी, नमस्कार.

काल रात्री दोनपर्यंत जागा होतो. रस्त्यावरच्या दिव्याखाली काय पडतंय ते बघायला दर पंधरा मिनिटांनी खिडकीशी. आधी पाऊस, मग वीसेक मिनिटं पावसात मिसळलेले पांढरे चट्टे, मग पुन्हा पाऊस. सकाळी गवतावर दुधाला साय धरावी तेवढं काहीतरी होतं, चहा उकळेपर्यंत तेही गेलं. आणि इथून, न्यू जर्सीतल्या एडिसनहून, तासाभरावर, वायव्येकडच्या डोंगरांत, लोक फावडी घेऊन बाहेर पडलेत!

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात एका दिवसात इंचभर बर्फ पडला त्याला दोन वर्षं होत आली: १३ फेब्रुवारी २०२२. गेला आख्खा हिवाळा २.३ इंचांवर उरकला. तिथल्या नोंदी १८६९ पासूनच्या आहेत, इतका कोरडा हंगाम त्यात एकही नाही. माझी मुलगी पावणेतीन वर्षांची झाली, तिला स्नोमॅन पुस्तकातलाच माहीत. स्लेड गराजमध्ये खिळ्याला टांगलेली आहे, किमतीची चिठ्ठीसुद्धा काढलेली नाही.

काका, नागपूरहून काय दिसतंय?

प्रेषक: सचिव
रविवार, ७ जानेवारी २०२४

बर्फवेड्यांनो, शनिवारी २० तारखेला आपल्या मंडळाचं हळदीकुंकू आणि बोरन्हाण आहे. गुळाच्या पोळ्यांची ऑर्डर गेली, हलव्याचे दागिने पुण्याहून येऊन पडलेत. तुमचे नवससायास कृपया २१ तारखेपासून सुरू करा.

आणि हो, हॉलच्या पार्किंगमधला बर्फ काढायला ज्याला दरवर्षी सांगतो, त्याला हंगामाचे पैसे ऑक्टोबरातच आगाऊ दिलेत. परत मिळायचे नाहीत. हल्ली फोनवर फार गोड बोलतो.

प्रेषक: धरमपेठचे काका
सोमवार, ८ जानेवारी २०२४

तुमच्या आधी मला दिसतं याचा मला थोडा माज आहे, तो असू द्या. हवामानाचा अंदाज काढणाऱ्या अमेरिकन संगणक-मॉडेलची रात्रीची फेरी तुमच्याकडे साडेदहाला उघडायला लागते, तेव्हा इथे सकाळचे नऊ. तर्रीपोह्याची प्लेट एका हातात, फोन दुसऱ्या हातात. तर्रीचे डाग पडलेला स्क्रीन घेऊन मी न्यू जर्सीवरचे बर्फाचे निळे ठिपके मोजत बसतो. युरोपियन मॉडेल तुमच्याकडे रात्री एक-दीडला येतं, म्हणजे माझं साडेअकरा-बारा. तुम्ही झोपा, मी आहे जागा.

पण एक सांगतो. दहाव्या दिवसापलीकडचा बर्फ बघून स्लेड खाली उतरवू नकोस. तो बर्फ म्हणजे 'मुलगी पसंत आहे, घरी विचारून कळवतो' म्हणणाऱ्यांसारखा. पुढच्या सहा तासांच्या फेरीत त्यांचा फोन लागत नाही.

शनिवारी काय झालं? वादळ किनाऱ्याला चिकटून गेलं. समुद्र अजून कोमट आहे, त्यावरून पूर्वेचा वारा आला आणि तुमच्याकडे वर पडलेल्या बर्फाचं खाली येता येता पाणी झालं. डोंगराकडे ती उबदार हवा पोचलीच नाही. निकाल दोन-तीन अंशांचाच.

आणि ते दोन-तीन अंश कधी भरून निघतात, कधी नाही, हे नागपूरकराला कूलरवरून कळतं. मे महिन्यात आपल्या वाळ्याच्या ताट्या कशा गारवा देतात? हवा कोरडी, पाणी भराभर उडतं आणि उडताना हवेतली उष्णता ओढून घेतं. जुलैत तोच कूलर, तेच पाणी, नुसता चिकचिकाट. तिकडेही तेच. जमिनीलगत ३ अंश आहेत पण हवा कोरडी आहे, तर पडणारा बर्फच थोडा थोडा उडून हवा गार करत आणतो आणि तासाभरात खाली पांढरं दिसायला लागतं. हवा आधीच ओली असली की ३ चे ३ च राहतात आणि तू खिडकीशी. म्हणून नुसतं तापमान बघू नकोस. ओल्या फडक्याचं तापमान (थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून मोजतात ते, वेट बल्ब) बघ, ते शून्याजवळ आलं की मला उठवलंस तरी चालेल.

आज आठ जानेवारी. १९९६ साली याच दोन दिवसांत नेवार्कला २७.८ इंच पडला होता. आई तेव्हा पहिल्यांदा आमच्याकडे न्यू जर्सीला आली होती. सकाळी पुढचं दार उघडेना, बाहेरून बर्फ टेकलेला. मी खिडकीतून उतरून फावड्याने दारापर्यंत वाट काढली आणि आईला उंबऱ्यात आणून उभी केली. नऊवारी, वरून माझं जाड जाकीट, पायांत माझेच मोजे दोन-दोन. मला वाटलं, आता 'अगं बाई' म्हणेल. ती बराच वेळ कान देऊन उभी. मग म्हणाली, "आवाजच नाही रे याला." आमच्या नागपूरकडे आभाळातून पांढरं काही पडलं तर ते गारपीट, टिनावर ताशा वाजल्यासारखं. रात्रभर एवढं पडलं आणि तिला जाग आली नाही, याचाच तिला जास्त अचंबा. दुपारी तिने वाटीभर स्वच्छ बर्फ आणून त्यावर खसचं सरबत ओतलं.

ती आता ब्याण्णवची आहे. मी तिच्यासाठीच हिवाळाभर इकडे असतो. रोज सकाळी पोह्यांच्या वेळी विचारते, "पडला का तिकडे?"

प्रेषक: डोंगराकडची वहिनी
बुधवार, १० जानेवारी २०२४

आमच्याकडे शनिवारी-रविवारी छान पडला होता हो. मुलांनी केलेल्या स्नोमॅनला मी माझी जुनी शाल दिली होती. काल रात्री वारा आणि पाऊस, अंगणातल्या मापकात दोन इंचांच्या वर पाणी. सकाळी अंगणात शाल आणि गाजर. तळघरात पंप चालू आहे. साधारण दहा इंच बर्फाला एक इंच पाणी धरतात ना, म्हणजे थंडी असती तर हाच वीस इंच झाला असता, असा हिशोब ह्यांनी मांडला. मी म्हटलं, आधी बादली धरा.

प्रेषक: धरमपेठचे काका
गुरुवार, ११ जानेवारी २०२४

वहिनी, वीस इंचांचा हिशोब मीही इथे बसून मांडला होता. यंदा एल निनो आहे. वादळं एकामागून एक येतात, ओलाव्याला तोटा नाही, पण पॅसिफिकची ऊब देशभर पसरून बसली आहे. गेला डिसेंबर अमेरिकेत नोंदींतला सगळ्यांत उबदार डिसेंबर ठरला. वऱ्हाड आलं, नवरदेवच नाही.

इकडे तरी वेगळं कुठे आहे! उत्तरेकडून पश्चिमी झंझावात आला की आमच्यावर ढग धरतात आणि रात्री गोधडी पांघरल्यासारखी ऊब राहते. जानेवारीत पंखा एक नंबरवर! २९ डिसेंबर २०१८ ला याच गावात पारा ३.५ वर गेला होता, आईने देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णालाही लोकरीची टोपी घातली होती.

रविवारी काटोलकडे चुलतभावाच्या संत्र्याच्या बगिच्यात गेलो होतो. आंबिया बहार घ्यायचा तर डिसेंबरात झाडाचं पाणी तोडावं लागतं. त्याला ताण देणं म्हणतात. पानं मलूल होतात, थोडी गळतात, झाड उपाशी राहतं. वरून थंडी पडली की मग जानेवारीत पाणी सोडल्यावर फूल येतं. ताणात असताना पाऊस झाला की ताण तुटतो. मग फुलाऐवजी नवती फुटते, बगिचा दिसायला हिरवागार आणि फळाच्या नावाने शून्य. भावाने एक फांदी वाकवून दाखवली. टोकाला पोपटी, लुसलुशीत चार पानं. शहरातल्या माणसाला ती सुंदर वाटतील. तो म्हणाला, "थंडीच नाही तं फूल कुठून येईन? पानीच पडून राह्यलं."

मी त्याला न्यू जर्सीचं सांगितलं. लोक बर्फ पडावा म्हणून रात्री जागतात, पोरं पायजमे उलटे घालून झोपतात, कोणी उशीखाली चमचा ठेवतात. तो काही बोलला नाही. जाताना मात्र विचारलं, "उलटा पायजमा चालते का हो?"

एडिसनवाल्या, सोमवारी रात्रीकडे लक्ष ठेव. हवा कोरडी दिसते आहे. जास्त सांगत नाही, दृष्ट लागते.

प्रेषक: सचिव
सोमवार, १५ जानेवारी २०२४

सर्वांना संक्रांतीच्या शुभेच्छा. तिळगूळ घ्या, गोड बोला, विशेषतः कार्यकारिणीशी. बाहेर भुरभुर सुरू झाली आहे, हे मी पाहिलेलं नाही.

प्रेषक: एडिसनचा बर्फवेडा
मंगळवार, १६ जानेवारी २०२४

पडला!! संक्रांतीच्या रात्री! अंगणात तीन ठिकाणी पट्टी लावली, सगळीकडे दीड इंच भरला. सेंट्रल पार्कातही इंच ओलांडला, ७०१ दिवसांचा उपास सुटला.

पहाटेपासून वर ऊब शिरली आणि बर्फाचे बारीक टणक खडे पडायला लागले, तडतड तडतड. तरी लेकीला सहालाच उठवून बाहेर आणली. स्लेड खाली काढली. ती बसली नाही. स्लेडवर उड्या मारणारे ते पांढरे दाणे बघत राहिली, एक उचलून तोंडात टाकला आणि म्हणाली, "हलवा." बायको गेला आठवडाभर तिला बोरन्हाणाची तयारी दाखवते आहे, त्याचा परिणाम.

आता त्यावर पाऊस पडून गोठतोय, पायऱ्या काचेसारख्या झाल्यात. ऑफिसला घरूनच. काका, आजींना सांगा.

प्रेषक: धरमपेठचे काका
मंगळवार, १६ जानेवारी २०२४

सांगितलं. काल दिवसभर गच्च्यांवर 'ओ काट' चालू होतं, त्याने तिची झोप झाली नव्हती, आता संध्याकाळी दिवा लावून बसली होती. म्हटलं, आई, पडला. दीड इंच.

"आवाज झाला का?"

म्हटलं, पहाटे थोडा झाला म्हणतात, तडतड.

"मग तो नव्हे," म्हणाली आणि वात सारखी केली.