मदत हवी आहे: १४ टोपल्या, नाव एकच

नमस्कार मंडळी. मी मानववंशशास्त्रात एमए करते आहे. सुट्टीत एका संग्रहालयाच्या लोकजीवन विभागात इंटर्नशिप मिळाली. काम तळघरात: जुन्या नोंदवहीतली वस्तू शोधायची, मापं घ्यायची, फोटो काढायचा, माहिती संगणकात भरायची.

नोंदवहीत सलग १४ ओळी अशा आहेत: ‘टोपली, बांबू, ठाणे जिल्हा’. बस्स! समोर मात्र रोवळी आहे, सूप आहे, कोंबड्या झाकायचं डालगं आहे. एवढं मलाही कळतं. उरलेल्यांतली एक आतून शेणाने सारवलेली आहे. दुसरी उभट, अरुंद तोंडाची, आणि वीण इतकी विरळ की धान्य ठरायचं नाही.

गेल्या आठवड्यात ‘लाकडी पेले, ३ नग’चा फोटो आजीला पाठवला. ती म्हणाली, "पेले कसले गं, मापं आहेत ती! चिपटं, मापटं, शेर." दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. व्यास आणि खोली मोजून हिशेब केला, तर खरंच प्रत्येक माप पुढच्याच्या निम्मं निघालं. पण आजी साताऱ्याची, टोपल्या ठाण्याच्या. तिचे शब्द त्यांना चिकटवावेत का? शिवाय जुन्या ठाण्यातला बराच भाग आता पालघरमध्ये आहे. जिल्हा कोणता लिहू?

आणि एक. एका इरल्याच्या पानांत पांढरी भुकटी दिसते. ब्रशने झटकू का?

जुनीपेटी: भुकटीला आधी हात लावू नकोस! पूर्वी कसर लागू नये म्हणून अशा वस्तूंवर डीडीटी, कधी आर्सेनिकसुद्धा मारत. वास घेऊन बघायचा नाही, झटकायचं तर मुळीच नाही. हातमोजे, मास्क घाल आणि विभागप्रमुखांना आजच सांग.

काठावरचा: जुनी नोंद खोडू नका. ‘ठाणे’ तसंच राहू द्या. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला; गाव कळलं तरच शेजारी आजचा जिल्हा लिहा. नावापुढे कोणी सांगितलं, ते कुठले, कधी, हेही हवं. आजीचा शब्द ‘सातारा’ म्हणून खुशाल लिहा, पण स्थानिक नावाच्या रकान्यात नको. त्या विरळ टोपलीच्या तोंडाशी कामट्या आत वळलेल्या आहेत का बघा. असतील तर मासे धरायची आहे. मासा आत शिरतो, बाहेर येत नाही. नाव तिकडच्याच माणसाला विचारा.

धागाकर्ती: कामट्या आतच वळल्यात! मी तिचा फोटो उलटा काढला होता. इरल्याचं मॅडमना सांगितलं, ते आता वेगळ्या खोक्यात गेलं. जव्हार-मोखाड्याकडचं कुणी आहे का इथे? १४ फोटो पाठवते, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना दाखवाल?