लग्नाआधी दात उजळवायचेत : क्लिनिकमधली एक बैठक की घरचे ट्रे? (ठाणे)

मृण्मयी_पाचपाखाडी

नमस्कार मंडळी. लग्नाला सात आठवडे आहेत, त्याआधी दात उजळवून घ्यायचेत. सगळेच दात पिवळट आहेत. चहा दिवसातून चार वेळा, तंबाखू-मिशरी काही नाही. वरच्या पटाशीच्या दोन दातांपैकी डावा लहानपणी मार लागल्यापासून करडा दिसतो, दुखत मात्र नाही. उजव्याच्या कोपऱ्याला जुनं सिमेंट भरलेलं आहे. गार पाण्याने दात थोडे आंबतात.

तीन ठिकाणी चौकशी केली. नौपाड्यातलं एक क्लिनिक निळ्या लाइटखाली एका बैठकीत 'आठ शेड' उजळ करून देतो म्हणतं. घोडबंदर रोडवर दुसऱ्या डॉक्टरांनी दातांवर बसणारे मापाचे प्लास्टिकचे ट्रे आणि त्यात भरायचं उजळवणारं जेल घरी वापरायला सांगितलं, दोन-तीन आठवडे, खर्च जवळपास निम्मा. आणि पार्लरवालीच्या ब्रायडल पॅकेजमध्ये 'टीथ व्हाइटनिंग' आहेच. काय निवडावं?

दंतवैद्य_नेरुळ

मृण्मयीताई, तीनपैकी कोणतं हे नंतर बघू. आधी त्या करड्या दाताचं बघायला हवं. तिन्ही ठिकाणी कुणीच त्याचा एक्स-रे काढायला सांगितलेला नसेल, तर त्यांच्याकडे पुढे जाऊच नका.

मार लागून गडद झालेल्या दाताचं दोनपैकी एक झालेलं असतं. आतली नस मेलेली असते, आणि मुळाच्या टोकाशी वर्षानुवर्षं अजिबात न दुखता जंतुसंसर्ग मुरत राहू शकतो. असं असेल तर आधी रूट कॅनाल, मग आतून ब्लीचिंग (रसायनाने उजळवणं). किंवा नस जिवंत असते, पण तिची पोकळी हळूहळू कॅल्शियमने बुजत गेलेली असते. असा दात बहुतेकदा गडद पिवळा दिसतो आणि नुसत्या रंगासाठी त्याचं रूट कॅनाल करू नये, तो बाहेरूनच उजळवायचा. बुजलेला दात जिवंत असूनही थंडाच्या चाचणीला नीट दाद देत नाही, म्हणून चाचणी आणि एक्स-रे दोन्ही जोडीने वाचावे लागतात. तुमचा दात करडा आहे, त्यामुळे मला पहिली शक्यता जास्त वाटते. तरी बघितल्याशिवाय ठरवू नये.

आता 'आठ शेड'. आपल्याकडे बहुतेक दवाखान्यांत दाताचा रंग (शेड) मोजायची व्हिटा कंपनीची १६ नमुन्यांची पट्टी असते. ती उजळ ते गडद अशी लावली तर बी१, ए१, बी२, डी२, ए२, सी१, सी२, डी४, ए३ असा क्रम येतो आणि पुढे आणखी सात नमुने. म्हणजे ए३ वरून बी१ वर गेलात की झाल्या आठ शेड. ए३ वरून ए२ वर आलात तरी मोजताना चार भरतात, आणि तेवढा फरक घरच्यांना दोन नमुने शेजारी धरून दाखवावा लागेल. तेव्हा आकडा ऐकू नका. आज कोणता नमुना, शेवटी कोणता अपेक्षित, आणि तो कधी मोजणार, एवढं विचारा.

हे 'कधी' फार महत्त्वाचं आहे. खुर्चीवर तासभर ओठ ताणून ठेवलेले असतात, दात कोरडे पडतात आणि कोरडा दात खडूसारखा पांढरा दिसतो. 'नंतर'चा फोटो त्याच क्षणी काढला जातो. लाळेने दात पुन्हा ओले झाले की पुढच्या एक-दोन दिवसांत त्यातला बराचसा पांढरेपणा उतरतो. खरा रंग दोन आठवड्यांनी कळतो. निळ्या लाइटने त्यात फारशी भर पडत नाही. काम करतं ते जेलमधलं पेरॉक्साइड हे रसायन. लाइटशिवाय तेच जेल तितकाच वेळ लावलं तर अंतिम रंगात म्हणण्यासारखा फरक राहत नाही.

पार्लरचं सरळ नको म्हणा. कीड, चीर, गळकं फिलिंग तिथे कोण तपासणार? तोंडात रसायन लावणारी व्यक्ती महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे नोंदलेली आहे का हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

तुमच्यासाठी माझा कौल घरच्या ट्रेला, १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडच्या जेलसह. १९८९ मध्ये हेवूड आणि हेमन यांनी रात्री ट्रे घालून झोपायची ही पद्धत प्रसिद्ध केली. तेव्हापासून सगळ्यात जास्त तपासली गेलेली पद्धत हीच.

लॅब_वागळे_इस्टेट

डॉक्टरांचं बरोबर आहे, पण ट्रे ट्रेमध्येही फरक असतो. ऑनलाइन मिळणारा गरम पाण्यात मऊ करून चावायचा ट्रे आणि मापावर केलेला ट्रे यांची तुलनाच नको. पहिल्याच्या कडेने जेल हिरडीवर आणि घशात जातं.

चांगला ट्रे असा होतो. अल्जिनेट या मऊ लगद्यात दातांचं माप घेतल्यावर त्यात लगेच प्लास्टर ओतायचं. माप तासभर तसंच पडलं तर आक्रसतं आणि ट्रे नीट बसत नाही. मॉडेलवर साधारण १ मिमी जाडीची मऊ ईव्हीए प्लास्टिकची शीट व्हॅक्यूम मशीनवर ओढायची, मग कड हिरडीच्या वळणाबरोबर कापायची. घरी नेण्याआधी ट्रे तोंडात घालून बघा. कड टोचली किंवा बोट लावल्यावर ट्रे उचकटला, तर तिथेच दुरुस्त करून घ्या. रात्रभर टोचणारा ट्रे तिसऱ्या दिवशी कपाटात जातो.

एक दात बाकीच्यांपेक्षा गडद असेल तर आणखी एक युक्ती आहे. त्याच्या दोन्ही बाजूंच्या दातांवरचं ट्रेचं प्लास्टिक खिडकीसारखं कापून टाकतात. जेल मग फक्त त्या एका दातावर टिकतं, शेजारी उघड्या दातांवरचं लाळेने धुऊन जातं. आधी तो एकटा किती उजळतो ते बघून बाकीच्यांना हात लावावा. उलट केलंत तर शेजारचे उजळतात आणि करडा दात आणखी उठून दिसतो.

जेलचं प्रमाण लोक हमखास चुकवतात. १.२ मिलीच्या सिरिंजमधलं एका ट्रेला तिसरा हिस्सा ते फार तर निम्मं पुरतं. ट्रेच्या आतल्या बाजूला, दाताचा पुढचा भाग टेकतो तिथे, दर दातामागे एकेक छोटा ठिपका. दाढांना नको, त्या हसताना दिसत नाहीत. ट्रे बसवल्यावर बाहेर आलेलं जेल कोरड्या ब्रशने पुसून घ्या. सकाळी ट्रे गार पाण्यानेच धुवा, गरम पाण्याने शीट वाकते. सिरिंज फ्रिजमध्ये ठेवायच्या, फ्रीजरमध्ये नाही. उन्हात उभ्या गाडीत राहिलेलं जेल वापरू नका, उष्णतेने पेरॉक्साइडची ताकद उतरते.

कळवा_दंत

मी थोडा वेगळा मुद्दा मांडतो. बैठकीतलं ब्लीचिंग वाईट नाही. ज्यांना ट्रेने उलटीची भावना होते किंवा जे रोज ट्रे घालणारच नाहीत, त्यांच्यासाठी तेच ठीक. फक्त ते नीट होतंय का हे खुर्चीत बसल्या बसल्या ओळखता यायला हवं.

तिथलं जेल २५ ते ४० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचं असतं. घरचं १० टक्के कार्बामाइड म्हणजे जेमतेम ३.५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. इतकं तीव्र रसायन हिरडीला लागलं तर कातडी पांढरी पडते आणि चुरचुरते. म्हणून आधी हिरडी कोरडी करून तिच्यावर लाइटने कडक होणाऱ्या रेझिनचा (प्लास्टिकसारख्या पदार्थाचा) बांध घालतात. तो हिरडीच्या कडेवरून किंचित दातावर चढलेला हवा. दोन दातांमधल्या फटीत भोक राहिलं की जेल नेमकं तिथून झिरपतं. जळजळ झाली तर लगेच हात वर करा, 'थोडं सहन करा' हे उत्तर मान्य करू नका. बांध दुरुस्त करायला मिनिटभर लागतं. पांढरी पडलेली हिरडी सहसा एक-दोन दिवसांत पूर्ववत होते.

जेल १५-२० मिनिटं ठेवून सक्शनने ओढून घेतात आणि पुन्हा नवीन लावतात, असे दोन-तीन फेरे. थेट पाण्याने धुतलं तर ते तोंडभर पसरतं. त्या रात्री दातांतून वीज गेल्यासारख्या कळा येऊ शकतात. पेरॉक्साइड काही मिनिटांतच एनॅमल (दाताचं कठीण कवच) आणि त्याखालचं डेंटिन पार करून नसेपर्यंत पोचतं, त्याचा हा परिणाम. तुमचे दात आधीच आंबतात, म्हणून मीही तुम्हाला ट्रेच सुचवेन.

मृण्मयी_पाचपाखाडी

खूप उपयोगी माहिती, मनापासून आभार. एक्स-रे कुणीच सांगितला नव्हता. आता दोन शंका. समजा नस मेलेली निघाली, तर सात आठवड्यांत सगळं बसेल का? आणि घरी १० ऐवजी २० किंवा ३५ टक्क्यांचं जेल घेतलं तर वेळ वाचेल का?

दंतवैद्य_नेरुळ

बसेल, पण या आठवड्यातच सुरू करा.

पहिल्या आठवड्यात एक्स-रे, तपासणी, कीड असेल तर तिची भरणी आणि स्केलिंग (दातांची यंत्राने सफाई). चहाचे वरवरचे डाग आणि कीटण स्केलिंग-पॉलिशिंगनेच निघतात. कुणाला मिशरी किंवा क्लोरहेक्सिडिनच्या माउथवॉशने डाग पडले असतील तर तेही. काहींना एवढ्यावरच समाधान होतं आणि ब्लीचिंगचा खर्च वाचतो. त्याच दिवसापासून ५ टक्के पोटॅशियम नायट्रेटची टूथपेस्ट सुरू करा, म्हणजे ब्लीचिंगच्या वेळेपर्यंत दात शांत झालेले असतील.

रूट कॅनाल लागलं तर ते दुसऱ्या आठवड्यापर्यंत पुरं करायचं. मग मुळातलं भरण हिरडीच्या रेषेखाली थोडं काढून त्यावर किमान २ मिमी ग्लास आयनोमर सिमेंटचा थर द्यायचा, आणि वरच्या पोकळीत पाण्यात कालवलेलं सोडियम परबोरेट (ब्लीचिंगची पूड) ओल्या वाळूइतकं घट्ट भरून तात्पुरतं बंद करायचं. आठवड्याने बदलायचं, बहुतेकदा दोन ते चार वेळा. तो २ मिमीचा थर कुणी गाळत असेल तर करून घेऊ नका. औषध आतून झिरपून काही वर्षांनी हिरडीजवळचं मूळ खाल्लं जाऊ शकतं, आणि तो दात वाचवणं फार अवघड जातं. आत तीव्र पेरॉक्साइड घालून दात तापवायची जुनी पद्धतही याच कारणाने टाळतात.

करडा दात शेजाऱ्यांच्या जवळ येऊ लागला की तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून बाकीच्यांचे ट्रे सुरू. पाचव्या आठवड्याच्या शेवटी ब्लीचिंग बंद करायचं म्हणजे करायचंच, 'अजून दोन दिवस' नाही. कारण ते जुनं सिमेंट. ते ब्लीचिंगने उजळत नाही, कॅपही उजळत नाही. दात उजळल्यावर तो कोपरा पिवळा दिसेल आणि बदलावा लागेल. पण ब्लीचिंगनंतर दातात ऑक्सिजन अडकून राहतो, तो असेपर्यंत नवीन सिमेंट नीट कडक होत नाही, पकड कच्ची राहते. शिवाय रंगही तोपर्यंत बसलेला नसतो. म्हणून जवळपास दोन आठवडे थांबून, लग्नाच्या दोन-चार दिवस आधी नव्या रंगाचं सिमेंट भरायचं. ही तारीख डॉक्टरांकडून आजच लिहून घ्या.

तीव्र जेलबद्दल : १० टक्के रात्रभर, १५-१६ टक्के चार ते सहा तास, २० टक्के दोन ते चार तास, ३५ टक्के अर्धा तास, अशा साधारण वेळा असतात. तुमच्या पाकिटावर असेल ती पाळा. शेवटी पोचायचा रंग जवळपास तोच. घाई केली की तिथे आधी पोचता, पण दात जास्त आंबतात आणि मग मध्येच चार दिवस सुट्टी घ्यावी लागते. दात आंबले तर एक रात्र आड वापरा, आणि मधल्या रात्री तीच पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट ट्रेमध्ये घालून १०-३० मिनिटं ठेवा. एकाच दाताला ठणका लागला तर मात्र लगेच दाखवा. सगळे दात आंबणं ब्लीचिंगचं असतं, एकट्याचं बहुधा कीड किंवा चिरेचं.

चहा पूर्ण बंद करायची गरज नाही, पण ट्रे तोंडात असताना पाण्याशिवाय काही नको. हळदीच्या आमटीने ट्रे कायमचा पिवळा होतो. कोकम सरबत, लिंबू सरबत या दिवसांत कमी करा, आंबटाने दात आणखी आंबतात.

खारघर_वहिनी

याच धाग्यात विचारते. दीर यवतमाळ भागात वाढले, दातांवर पांढरे-तपकिरी चट्टे आहेत. ट्रेने जातील? आणि मी बाळाला अंगावर पाजते, मला करता येईल का?

दंतवैद्य_नेरुळ

वहिनी, वर्णनावरून ते फ्लोरोसिसचे, म्हणजे पाण्यातल्या जास्त फ्लोराइडमुळे पडणारे चट्टे वाटतात. नुसत्या ब्लीचिंगने सुरुवातीला पांढरे चट्टे आणखी उठून दिसतात, हे त्यांना आधीच सांगा, नाहीतर घाबरतील. तपकिरी डागांवर मायक्रोअ‍ॅब्रेजन करतात. त्यात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल आणि बारीक घासणारी पूड यांनी एनॅमलचा अगदी पातळ थर उतरवतात. राहिलेल्या पांढऱ्या चट्ट्यांत पातळ रेझिन मुरवता येतं. ब्लीचिंग या सगळ्याच्या जोडीला असतं. नेरुळ आणि खारघरला दंत महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत, तिथे असे दात रोज बघितले जातात. त्यांनी तिथे जावं.

तुम्ही बाळाचं अंगावरचं दूध सुटेपर्यंत थांबा. गरोदरपणीही नको आणि १८ वर्षांखालीही नको. तोवर स्केलिंग करून घ्यायला काहीच हरकत नाही.

लॅब_वागळे_इस्टेट

मृण्मयीताई, काम संपल्यावर ट्रे आणि प्लास्टरचं मॉडेल दोन्ही मागून घ्या. चहा पिणाऱ्यांचा रंग सहा महिने ते वर्षभरात थोडा उतरतोच. तेव्हा त्याच ट्रेमध्ये दोन-तीन रात्री जेल लावलं की पुरतं, खर्च फक्त एखाद-दोन सिरिंजचा. ट्रे फाटला तरी मॉडेल जवळ असलं की पुन्हा माप द्यावं लागत नाही. मात्र ते समोरचं सिमेंट बदलल्यानंतर जुना ट्रे एकदा घालून बघा. भरणीचा आकार बदलला असेल तर तो तिथे अडतो आणि नवीन ओढून घ्यावा लागतो.