नाताळात जंजिरा, सोबत गुडघेदुखीची आई : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही परभणीचे, समुद्र म्हटलं की आमच्याकडं येलदरीचं धरण! नाताळच्या सुट्टीत पाच जण मुरूड-जंजिऱ्याला जायचं म्हणतोय. खुलताबादला निजामशाहीचा हबशी (आफ्रिकेतून आलेला) वजीर मलिक अंबर याची कबर बघितल्यापासून पोरानं धरलंय, हबशांचा तो पाण्यातला किल्ला दाखवा. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये खाडी बुजवायला घेतली तरी तो हाती आला नाही, हे ऐकल्यावर तर रोज तिथल्या कलालबांगडी तोफेचं टुमणं.

देवगिरी एक्स्प्रेसनं मुंबईपर्यंत ठीक. पुढं मांडव्याची लाँच की पनवेलवरून सरळ गाडी?

खरी काळजी आईची. राजपुरीहून होडी निघते, आणि किल्ल्याच्या दाराशी हलत्या होडीतून पायरीवर पाय टाकावा लागतो म्हणे. सत्तरीच्या बाईला जमेल का? की तिला काठावरच बसवू? (मग वर्षभर ऐकून घ्यावं लागेल ते वेगळंच.)

३१ डिसेंबरच्या आसपास होडीला किती ताटकळावं लागतं? भरती-ओहोटीचं कसं बघायचं? जाऊन आलेल्यांनी सांगा. जेवणाची हॉटेलं नका सुचवू, धपाटे-ठेचा बांधून आणतोय.