अपिलाची सुनावणी: साक्षीदार नाहीत, पण दार उघडं आहे

फौजदारी अपिलात साक्षीदार पुन्हा येतात का आणि आपल्यासारख्या सामान्य माणसाला सुनावणी ऐकायला कोर्टात बसता येतं का, असे दोन प्रश्न विचारले जातात.

साक्षीदार सहसा येत नाहीत. सत्र न्यायालयाने शिक्षा दिली की अपील उच्च न्यायालयात जातं, आणि तिथे काम चालतं ते खालच्या कोर्टातल्या कागदांवर. जबाब, उलटतपासणी, पंचनामे, शवविच्छेदनाचा अहवाल, सगळं ‘पेपरबुक’मध्ये बांधलेलं असतं. वकील पान क्रमांक सांगतात, न्यायमूर्ती ते पान उघडून प्रश्न विचारतात. आरोपी बहुधा तिथे नसतोच, तुरुंगात असतो. फाशी असेल तर आरोपीने अपील केलं नाही तरी उच्च न्यायालयाने ती कायम केल्याशिवाय अमलात आणता येत नाही, आणि ते प्रकरण निदान दोन न्यायमूर्ती ऐकतात. ही तरतूद मला फार मोलाची वाटते.

आणि हो, बसता येतं. १९६६च्या मिरजकर प्रकरणात (मुंबई उच्च न्यायालयाने एका साक्षीच्या वृत्तांकनावर घातलेल्या बंदीचा वाद) सर्वोच्च न्यायालयाने खुली सुनावणी हाच नियम मानला, अपवादाने बंद दाराआडची मुभा ठेवून. आदल्या संध्याकाळी उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर बोर्ड (दुसऱ्या दिवशीच्या प्रकरणांची यादी) बघा, ओळखपत्र घ्या, मोबाईल बंद ठेवा, रेकॉर्डिंग अजिबात नको. जामिनाचे अर्ज झटपट उरकतात, त्यामुळे अंतिम सुनावणीचंच प्रकरण निवडा.