नाणी जमवण्याचा छंद ओसरतोय की वाढतोय?

सुट्टेपैसे
या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी ठामपणे बोललं जातं. काहींच्या मते रोख पैसा हातात येईनासा झाला, मग नवी मुलं नाणी आणणार कुठून? बाकीचे लिलावांकडे बोट दाखवतात. २०२१ मध्ये १९३३ च्या डबल ईगलवर (अमेरिकेचं वीस डॉलरचं सोन्याचं नाणं) विक्रमी बोली लागली, म्हणजे छंद मरतोय कसला? यातलं खरं काय मानायचं? आणि आज सुरुवात करणाऱ्याने कशाला हात घालावा?

टाकसाळकर
लिलाव आधी बाजूला ठेवा. १९३३ च्या डबल ईगलपैकी खासगी मालकीत कायदेशीरपणे ठेवता येणारं ते एकमेव नाणं मानलं जातं आणि त्यावर बोली लावू शकणारे लोक बोटांवर मोजण्याइतके. छंदाची नाडी तिथे लागत नाही.

ओसरलंय ते सुट्ट्यांतून जमवणं. अमेरिकेने १९९९ ते २००८ या काळात पन्नास राज्यांची क्वार्टर (२५ सेंटची) नाणी काढली, दर वर्षी पाच. २००२ मध्ये युरो आला तेव्हा एकच मूल्य, पण एक बाजू देशागणिक वेगळी. दोन्हींत गंमत हीच की नाणं आपणहून खिशात यायचं, दर्शनी किमतीला, आणि अल्बममधलं रिकामं भोक भरायचं. कार्डाने पैसे देणाऱ्याच्या हातात हे भोक भरणारं काही पडतच नाही. कॅनडाने २०१२ मध्ये सेंट पाडणं थांबवलं. सर्वांत लहान मूल्य गेलं की मुलाला परवडणारी पहिली पायरीही जाते.

दुसरा दोष टाकसाळींचाच आहे. एकच चित्र साधं, चांदीत, रंगीत, वेगळ्या डबीत. यातली कित्येक नाणी चलनात उतरतच नाहीत. वर्षभर सगळं घेणारा दोन वर्षांत दमतो, आणि विकायला काढल्यावर मूळ किंमतही हाती येत नाही.

उलटाठसा
सुट्ट्यांतून जमवणं संपलं हे पटत नाही. २००९ चं क्यू गार्डन्सचं ५० पेन्सचं नाणं फक्त २ लाख १० हजार पाडलं गेलं. ते मिळेल या आशेने लोक अजूनही मोड उलथीपालथी करतात. २ युरोच्या स्मारक नाण्यांची मालिका २००४ पासून चालू आहे, आणि २०१२ पासून प्रत्येक देशाला वर्षाला एकाऐवजी दोन काढता येतात.

शिवाय व्हरायटी, म्हणजे एकाच नाण्याच्या साच्यातले बारीक फरक, पाहणारे वाढलेत. दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि एका बाजूने येणारा प्रकाश, एवढंच भांडवल. पण इथेच नवखे फसतात. खरा दुहेरी ठसा साच्यातच असतो: दुसरी रेघही पहिलीसारखीच गोलसर, उठावदार, आणि अक्षरांची टोकं दुभंगलेली. १९५५ च्या अमेरिकी सेंटवर हे नुसत्या डोळ्यांना दिसतं. ठोकताना साचा हलला असेल तर अक्षराला लागून चपटी पायरी तयार होते आणि मूळ अक्षर बारीक होतं. त्याला जादा किंमत नाही. विकणारे मात्र दोन्हींना ‘दुर्मीळ एरर’च म्हणतात.

माहितीचंही तसंच. पूर्वी जाडजूड कॅटलॉग लागायचा. आज न्युमिस्टा या संकेतस्थळावर वजन, व्यास, धातू फुकट बघता येतात.

काटेकोर
वाद बाजूला ठेवला तर खरा बदल हा की नाणं आता सापडत नाही, विकत घ्यावं लागतं. म्हणून तपासता येणं हीच मुख्य कला झाली. चांदीच्या नाण्यासाठी घनता मोजा:

१. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर नाणं कोरडं तोला.
२. काट्यावर पाण्याचा पेला ठेवा. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका, नाहीतर नाण्याला बुडबुडे चिकटतात. मग आकडा शून्य करा.
३. बारीक दोऱ्याने नाणं पूर्ण बुडवा. तळाला किंवा काठाला टेकवू नका. टेकलं तर काटा नाण्याचंच वजन दाखवू लागतो.
४. कोरड्या वजनाला पाण्यात दिसलेल्या आकड्याने भागा, ती घनता.

अमेरिकेचा जुना चांदीचा मॉर्गन डॉलर २६.७३ ग्रॅम, ९० टक्के चांदी. पाण्यातला आकडा २.५९ च्या आसपास यायला हवा, म्हणजे घनता साधारण १०.३. आकडा ३ किंवा त्याहून जास्त आला तर ते पितळ किंवा तांबं-निकेल. अडीच ग्रॅमच्या नाण्यावर ही पद्धत चालवू नका, ०.०१ ची चूक तिथे चार टक्क्यांची होते. आणि योग्य चांदीत केलेली नक्कल यात पास होते, म्हणून व्यास, जाडी आणि कडेचे दाते वेगळे तपासावेच लागतात. चुंबकाचं म्हणाल तर चिकटलं तर नकली, न चिकटल्याने काहीच सिद्ध होत नाही.

टाकसाळकर
हे मान्य. स्लॅबवरही, म्हणजे ग्रेडिंग कंपनीने नाणं तपासून, दर्जाचा आकडा देऊन सीलबंद केलेल्या डबीवरही, डोळे झाकून विसंबू नका. पीसीजीएस ही कंपनी १९८६ ची, एनजीसी १९८७ ची; दोघांच्या डब्यांच्याही नकला निघाल्यात. डबीवरचा क्रमांक त्यांच्या साइटवर टाका, आणि फोटो असेल तर ओरखडे जुळवून पाहा. नुसता क्रमांक जुळणं पुरेसं नाही, तो खऱ्या स्लॅबवरून उचललेला असू शकतो.

सुट्टेपैसे
वारशाने आलेल्या अल्बममधल्या नाण्यांवर हिरवट चिकट थर असेल तर? घासायचा का?

उलटाठसा
घासू नका. ठोकताना धातू बाहेरच्या बाजूला पसरतो, त्याच्या अतिसूक्ष्म रेषांमुळे नाणं फिरवलं की झळाळी फिरते. घासलं की त्या रेषा गेल्या, आणि ग्रेडिंगवाले आकडा न देता ‘डिटेल्स’ (म्हणजे खराब केलेलं नाणं) लिहून परत पाठवतात.

थर चिकट असेल तर दोष मऊ पीव्हीसीच्या कप्प्यांचा. काचेच्या वाटीत शुद्ध अ‍ॅसिटोन (नेलपॉलिश रिमूव्हर नव्हे), पाच-दहा मिनिटं, मग ताज्या अ‍ॅसिटोनमध्ये दुसरी बुडी, आणि न पुसता वाळू द्या. खिडकी उघडी, जवळ ज्योत नको. खाली खड्डे पडले असतील तर ते भरून येत नाहीत. थर चिकट नसून फिकट हिरवी भुकटी झडत असेल, विशेषतः प्राचीन काशाच्या नाण्यावर, तर तो क्लोराइडचा रोग. ते नाणं आधी बाकीच्यांपासून वेगळं काढा, अ‍ॅसिटोनने तो जात नाही.

नंतर मायलरच्या फ्लिपमध्ये ठेवा (पारदर्शक खिडकीची पुठ्ठ्याची घडी, स्टेपलरच्या पिनांनी बंद होणारी). पिनांची टोकं पक्कडीने दाबून सपाट करा, नाहीतर शेजारच्या फ्लिपमधल्या नाण्यावर ओरखडा उमटतो. आणि नाणं काढताना आधी सगळ्या पिना काढा, मगच फ्लिप उघडा. अर्धवट उघड्या फ्लिपमधून सरकवून काढताना पिनेचं टोक थेट नाण्याच्या पृष्ठभागावरून जातं.

काटेकोर
सुरुवातीचं विचारलं होतंत: एकच देश, एकच मूल्य, एकच कालखंड. तीस-चाळीस नाण्यांत पूर्ण होईल असा संच धरा. नाण्याआधी काटा, कॅलिपर आणि भिंग घ्या.